काजू आणि बिब्बा: एकाच कुळातले भाऊबंद आमच्या सड्यावर कोणत्या वाटांनी पोचले?

सड्याकडचा (धागाकर्ता)

आमच्या घरामागे जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे कातळपठार, आहे. सड्याच्या कडेला, जिथे जेमतेम वीतभर माती धरते, तिथे आजोबांच्या हातची काजूची झाडे आहेत आणि तिथून व्हाळाकडे (ओढ्याकडे) उतरताना बिब्ब्याचे एक झाड लागते. यंदा काजूचे पहिले बोंडू आणि बिब्ब्याची शेवटची फळे योगायोगाने एकाच दिवशी हाती आली, तेव्हा दोन्ही पडवीच्या कठड्यावर शेजारी ठेवून पाहिली.

काजूची बी बोंडूच्या खाली, पूर्णपणे बाहेर लटकते. बिब्ब्याचे काळे, गुळगुळीत, हृदयाच्या आकाराचे फळ नारिंगी रंगाच्या मांसल वाटीच्या टोकावर बसलेले असते. म्हणजे दोन्हीकडे जो गोड, रसाळ भाग आपण खातो, तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळच नव्हे. काजूत तो फुगलेला देठ आहे, तर बिब्ब्यात देठासह फुलाची बैठक फुगलेली आहे. खरे फळ ते बाहेरचे टणक, आणि त्याच्या टरफलात कातडी सोलून काढणारे तेल. मी दोन्ही फळे कोयत्याने उभी चिरली, तर दोन्हींच्या टरफलात मधाच्या पोळ्यासारखी घरे आणि त्यांत ते तेल भरलेले दिसले. (चिरताना हाताला खोबरेल चोपडले होते, तरीही अंगठ्याच्या बेचक्यात चट्टा उठलाच.)

ही दोन्ही झाडे आम्र कुलातली. आंबा, अंबाडा, चारोळी, शेमट आणि पिस्तासुद्धा याच कुलात येतात, आणि जगभरात मिळून त्याच्या सुमारे ८० प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) आणि ८०० हून अधिक जाती आहेत. काजू मूळचा ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्याचा आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला, हे सर्वांना ठाऊक आहे. बिब्बा मात्र इथलाच. मग एक अटलांटिकच्या पलीकडचा आणि एक आपल्या रानातला, अशा दोघांची ठेवण इतकी सारखी कशी? माझा तर्क असा आहे की गोंडवन महाखंड एकसंध होते तेव्हा या दोघांचा एकच पूर्वज सर्वत्र असणार. पुढे खंड फुटले, दक्षिण अमेरिकेच्या तुकड्यावर काजू राहिला आणि भारताच्या तुकड्यावर बिब्बा आला. हा तर्क टिकतो का, हे जाणकारांनी तपासून सांगावे.

खाडीकाठ

निरीक्षण उत्तम आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष दोन ठिकाणी अडतो, असे मला वाटते. मी अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली अडचण नात्याची. दिसायला जुळे असलेले बिब्बा आणि काजू हे सख्खे भाऊ नाहीत. पारंपरिक वर्गीकरणात काजू आणि आंबा एका गटात येतात, तर बिब्बा, हुळगेरी (बिब्ब्यासारखेच काळ्या चिकाचे रानझाड) आणि त्यांचे सोबती दुसऱ्या गटात. म्हणजे ज्याला फुगलेला देठ मुळीच नाही तो आंबा काजूला बिब्ब्यापेक्षा जवळचा आहे. प्राण्यापाखरांना आमिष दाखवण्यासाठी देठ किंवा बैठक फुगवण्याची युक्ती या कुलात दोनदा, वेगवेगळी साधली गेली असावी, असे मानणे त्यामुळे अधिक सयुक्तिक ठरते. तेलाची गोष्ट वेगळी. टरफलातली ती घरे आणि तो चीक हा मात्र कुळाचा सामाईक वारसा आहे.

दुसरी अडचण काळाची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका साधारण १० कोटी वर्षांपूर्वी एकमेकींपासून पुरत्या सुटल्या. भारत आणि मादागास्कर यांची फारकत सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीची. काजूचा आणि बिब्ब्याचा सामाईक पूर्वज गोंडवनात वावरत होता असे म्हणायचे, तर आम्र कुलाच्या मोठ्या शाखा त्याहीपूर्वी फुटलेल्या असायला हव्यात. जीवाश्मांचा पुरावा तसे सांगत नाही. या कुलाची फळे आणि पाने विपुल प्रमाणात सापडू लागतात ती बऱ्याच अलीकडच्या, म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सुरू झालेल्या पॅलिओसीन आणि विशेषतः त्यानंतरच्या इओसीन काळातल्या थरांत. तोवर महाखंडाचे तुकडे समुद्रात केव्हाच दूर गेले होते.

जाता जाता नावाविषयी. ॲनाकार्डियम हे ग्रीक वळणाचे नाव युरोपातले जुने औषधी व्यापारी आपल्या बिब्ब्यासाठी वापरत असत. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात बिब्ब्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, ते याच नावाने. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यांनी १७५३ मध्ये काजूला ॲनाकार्डियम ऑक्सिडेंटाले, म्हणजे पश्चिमेकडचा ॲनाकार्डियम, असे नाव दिले. पाहुण्याने यजमानाचे नाव घेतले आणि बिब्ब्याकडे (सेमेकार्पस ॲनाकार्डियम) ते केवळ जातीचे नाव म्हणून उरले. त्याच्या प्रजातीला सेमेकार्पस, म्हणजे खुणेचे फळ, म्हणावे लागले. परीट ज्या रसाने कपड्यांवर खुणा करीत, तीच ही खूण.

सड्याकडचा

खाडीकाठ, आपले आभार. नात्याचा मुद्दा पटला आणि माझा तर्क मी मागे घेतो. पण मग गुंता अधिकच वाढतो. काजूचे जवळचे नातेवाईक नेमके कुठे आहेत? आणि खंड फुटून गेल्यानंतर ही झाडे समुद्र ओलांडून गेली म्हणायचे, तर ती गेली कशी?

पानगळ

मी भूशास्त्राचा विद्यार्थी आहे, तेव्हा या प्रश्नाला दगडांच्या बाजूने उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दगड कोकणात नाही आणि ब्राझीलमध्येही नाही; तो जर्मनीत आहे.

फ्रँकफर्टच्या दक्षिणेला, डार्मश्टाटजवळ मेसेल नावाची एक जुनी खाण आहे. सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी तिथे एक खोल तळे होते आणि त्याच्या तळाशी प्राणवायू नसल्यामुळे जे काही बुडाले ते न कुजता गाळात दडपून राहिले. त्या तेलकट पाटीच्या खडकात काजूच्या प्रजातीची फळे सापडली असून त्यांचे सविस्तर वर्णन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. या शोधाचे मर्म असे की केवळ वृक्काच्या आकाराची बी सापडली असती तर शंकेला जागा राहिली असती; पण बीसोबत तिचा जाड झालेला देठही जोडलेल्या अवस्थेत उमटला आहे. म्हणजे आपण ज्याला बोंडू म्हणतो त्याची आरंभीची आवृत्ती युरोपात, आजच्या बर्फाळ हिवाळ्याच्या प्रदेशात, लटकत होती.

आता खाडीकाठ यांनी न सांगितलेला नातेवाईक सांगतो. काजूची सर्वांत जवळची प्रजाती फेगिमान्रा ही असून ती पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलांत वाढते. तिच्यातही देठ फुगतो. म्हणजे आज एक भावंड आफ्रिकेत, दुसरे मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, आणि मधे अटलांटिक महासागर. नकाशाकडे पाहिले की कोणाच्याही मनात महाखंड फुटल्याचीच कल्पना येईल, आणि मेसेलचा शोध लागेपर्यंत ती अगदी स्वाभाविक होती. परंतु तिसरे भावंड जर्मनीत निघाल्यावर चित्र पालटते. इओसीन काळात, म्हणजे साधारण ५ कोटी ६० लाख ते ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी, पृथ्वी इतकी उबदार होती की उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समियर बेटावर सुसरी-मगरींचे नातलग राहत असत, आणि लंडनजवळच्या चिकणमातीत आपल्या खाडीकाठी शोभावी अशा निपा ताडाची फळे साचत होती. त्या काळात युरोप आणि उत्तर अमेरिका ग्रीनलंडमार्गे भूभागांनी जोडलेले होते. काजूचे पूर्वज त्या उत्तरेच्या वाटेने एका खंडातून दुसऱ्या खंडात पसरले, पुढे सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी हवामान थंड होऊ लागले तसे युरोपातले वंशज नष्ट झाले आणि दक्षिणेला सरकलेले तेवढे दोन टोकांना उरले, हे स्पष्टीकरण मला सर्वांत सरळ वाटते. दोन टोके शिल्लक राहिली म्हणून ती थेट एकमेकांपासून तुटली, असे नव्हे. मधला पूल वितळून गेला.

यात एक दुवा अजून अवघड आहे, तो लपवत नाही. उत्तर आणि दक्षिण अमेरिका पनामाच्या चिंचोळ्या पट्टीने जोडल्या गेल्या त्याला साधारण ३० लाख वर्षेच झाली. त्याआधी दक्षिणेत शिरायचे तर पाण्याचा काही टप्पा ओलांडावा लागला असणार, आणि तिथे पाखरे, वटवाघळे किंवा वाहते ओंडके यांना श्रेय द्यावे लागते.

बोंडू

वटवाघळांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमचा काजूप्रक्रियेचा लहानसा घरगुती कारखाना आहे. हंगामात रोज पहाटे आम्ही बागेतल्या काजूखाली नव्हे, तर शेजारच्या वडाखाली आणि माडांखाली बी वेचायला जातो, कारण वाघळे रात्री बोंडू तोडतात, बीसकट नेतात, दुसऱ्या झाडाला उलटी लटकून रस चोखतात आणि बी खाली टाकतात. वडाखाली एका सकाळी पायलीभर बी सहज मिळते. जी नजरेतून सुटते ती पहिल्या पावसात रुजते. सड्यावर कोणी न लावलेले जे काजू दिसतात, त्यांतले बरेचसे असे वाघळांचे आहेत. तेव्हा मेसेलच्या काजूचा देठही वाघळांसाठीच फुगला असेल काय?

पानगळ

बोंडू, हा प्रश्न फार चांगला आहे, कारण मेसेलच्या त्याच थरांत वटवाघळांचेही सुंदर जीवाश्म मिळाले आहेत. मात्र ती कीटक खाणारी होती. त्यांच्या पोटात पतंगांच्या पंखांवरचे खवले सापडले आहेत. त्यामुळे त्या काळच्या काजूचे आमिष पाखरांसाठी किंवा झाडांवरच्या सस्तन प्राण्यांसाठी असावे. तुमच्या वडाखालचे गिऱ्हाईक पुढे मिळाले.

कलमवाला

चर्चा काजूवरच थांबली आहे, म्हणून आंब्याच्या बाजूने बोलणे मला भाग आहे. आमची हापूसची कलमे देवगडच्या कातळावर आहेत, त्यामुळे हा पक्षपात मानावा. काजूचा जवळचा नातेवाईक म्हणून आंब्याचा उल्लेख वर आला. मग आंब्याचे मूळ घर कोणते? भारतच, की आणखी पूर्वेला?

खाडीकाठ

कलमवाला, याचे उत्तर देताना आंब्याची जात आणि आंब्याची प्रजाती वेगळी धरावी लागते. आपण खातो तो आंबा भारत, बांगलादेश आणि म्यानमार यांच्या सीमाभागातल्या जंगलांशी जोडला जातो आणि त्याची लागवड भारतात हजारो वर्षे चालू आहे. पण मँजिफेरा या प्रजातीच्या सत्तरच्या आसपास जाती आहेत आणि त्यांची सर्वाधिक गर्दी मलाया द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओ इथे आहे. जातींची गर्दी जिथे, तिथेच उगम, असे पूर्वी सरसकट मानले जाई. मेघालयातल्या गारो टेकड्यांत, दामालगिरी इथे, पॅलिओसीनच्या उत्तरार्धातले, आंब्याच्या पानाशी जुळणारे एक अश्मीभूत पान सापडले आणि १९९८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यावरून आंब्याचे पूर्वज भारतीय भूखंडावर वाढले आणि भारत आशियाला येऊन मिळाल्यावर तिथून आग्नेय आशियात पसरले, असा विचार मांडला गेला.

माझे व्यक्तिगत मत सावध आहे. सुट्या पानावरून झाड ओळखणे धोक्याचे असते. आपल्याच परसातल्या आंब्याची, हुळगेरीची आणि बिब्ब्याची कोवळी पाने मिसळून दिली तर माझे अर्धे विद्यार्थी चुकत असत. मेसेलच्या देठासकट फळाचे जे वजन आहे ते एकट्या पानाला देता येणार नाही. तथापि भारत हा प्रवासी तराफा होता आणि त्याच्यावरून काही वनस्पती आशियात उतरल्या, ही कल्पना इतर कुलांच्या बाबतीत चांगली रुजलेली आहे, त्यामुळे ती आंब्यासाठी निकालात काढणेही घाईचे होईल.

कलमवाला

माणसाने केलेल्या प्रसाराबद्दल एक भर घालतो, कारण ती कलमांच्या धंद्याशी संबंधित आहे. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीतून एकच रोप येते आणि ते संकरातून आलेले असल्यामुळे आईसारखे निघत नाही; हापूसची कोय पुरली की रायवळ उगवतो, हे कोकणातले शेंबडे पोरही सांगेल. आग्नेय आशियातल्या पुष्कळ आंब्यांच्या कोयीतून मात्र अनेक रोपे येतात आणि त्यांतली बहुतेक आईच्याच ऊतींतून वाढल्यामुळे हुबेहूब तिच्यासारखी असतात. याचा परिणाम समुद्रप्रवासावर झाला. फिलिपिन्समधला आंबा मनिलाहून मेक्सिकोला जाणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून पॅसिफिक ओलांडून गेला, तर त्याला कोय पुरेशी होती. भारतीय आंब्याला सुरक्षित न्यायचे तर कलमच न्यावे लागे. १८८९ मध्ये भारतातून अमेरिकेत गेलेल्या कलमांपैकी मलगोबा फ्लोरिडात तगला, आणि त्याच्या कोयीपासून झालेल्या एका झाडाला १९१० मध्ये जे फळ लागले ते हेडन. आज जगभरच्या बाजारात लालसर गालांचे जे आंबे दिसतात त्यांतल्या अनेकांच्या वंशावळीत ते आहे. म्हणजे रायवळ निघण्याचा जो दोष आपण कोयीला देतो, त्याच दोषातून तिकडे नवा वाण मिळाला.

बोंडू

काजूच्या मानवी प्रवासाचेही दोन टप्पे नोंदवतो. तुपी भाषेतल्या अकाजूचे पोर्तुगीजांनी काजू केले आणि आपण ते नाव जसेच्या तसे ठेवले. कोचीनमधल्या काजूची नोंद १५७८ इतकी जुनी मिळते. त्याच शतकात पोर्तुगीजांनी तो मोझांबिकलाही नेला. दुसरा टप्पा आमच्या कारखान्यात दिसतो: वेंगुर्ला ४ आणि ७ या काजूच्या वाणांच्या बियांचा हंगाम संपला की उरलेले वर्ष आमच्या भट्टीत पश्चिम आफ्रिकेहून आलेली बी फुटते. पानगळ यांचे लिखाण वाचल्यापासून गोणीवरचे आयव्हरी कोस्टचे नाव पाहताना फेगिमान्राची आठवण येते, कारण ब्राझीलचा काजू आज त्याच्या आफ्रिकेतल्या भावंडाच्या प्रदेशात लाखो टनांनी पिकतो आहे.

एक शंका मात्र आहे. आमच्याकडे बी फोडणाऱ्या एका मावशींच्या हातांना काजूच्या तेलाने फोड येतात, आणि त्यांनाच कैरीच्या चिकाने ओठ सुजतात. बाकीच्यांना इतका त्रास होत नाही. हे एकच आहे का?

खाडीकाठ

होय, ते एकच आहे असे समजावे. काजूच्या तेलातले, बिब्ब्याच्या रसातले आणि आंब्याच्या सालीतले दाहक घटक रासायनिकदृष्ट्या एकाच घराण्यातले असल्यामुळे, ज्याचे शरीर एकाला बिथरते ते दुसऱ्यालाही बिथरते. उत्तर अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाची वेल आहे, तीही आम्र कुलातली. तिचा ज्यांना त्रास झालेला असतो, त्यांतल्या काहींना आयुष्यात पहिल्यांदा आंबा सोलताना पुरळ उठते. त्याच वेलीच्या प्रजातीतल्या पूर्व आशियाई झाडाच्या चिकापासून चीन आणि जपानमध्ये भांड्यांवरचे लाखेसारखे चकचकीत रोगण करतात. मावशींना हातमोजे द्यावेत आणि कैरीचा देठ काढून चीक पूर्ण गळू दिल्यावरच ती चिरायला सांगावी.

पॉयझन आयव्हीचे सगेसोयरे पूर्व आशियात आणि उत्तर अमेरिकेत असे दोन्हीकडे असण्याचे कारण बेरिंगच्या सामुद्रधुनीजवळ एके काळी असलेली जमीन हे आहे. या कुलातल्या काहींनी थंडी सोसायला शिकून घेतले, म्हणून त्यांना ती वाट दीर्घकाळ खुली राहिली. आंबा-काजूला ती उबदार काळापुरतीच मिळाली असती. पिस्ता तर कोरड्या, कडक हिवाळ्याच्या मध्य आशियात स्थिरावला, आणि त्याचा एक भाऊ मेक्सिकोत आहे.

अंबाड्याच्या आणि शेमटाच्या प्रवासाबद्दल थोडक्यातच सांगतो. अंबाड्याच्या प्रजातीचे सदस्य आशिया, मादागास्कर आणि उष्ण अमेरिका अशा तिन्ही ठिकाणी आहेत. शेमटाचे जवळजवळ सगळे भाऊबंद आफ्रिकेत असून आपला शेमट हा पूर्वेकडे निघून आलेल्या मोजक्यांपैकी एक आहे. कुंपणाला खांब म्हणून ठोकलेला शेमट पालवतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याच्या चिवटपणाचे नवल वाटणार नाही.

पानगळ

सड्याकडचा, एक विनंती आहे. व्हाळाकडचे तुमचे झाड बिब्बाच आहे, हुळगेरी नाही, याची खात्री केली आहे का? पानाच्या देठावर दोन बाजूंना मऊ काट्यासारखे बारीक उंचवटे असतील तर ती हुळगेरी. बिब्ब्याची प्रजाती भारत-श्रीलंकेपासून ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलिडोनियापर्यंत बेटाबेटांवरून पसरलेली आहे. हुळगेरीची मात्र भारतापासून म्यानमारपर्यंतच थांबते आणि तिच्या बऱ्याच जाती केवळ सह्याद्रीत आहेत. एकाच गटातला एक जण इतका फिरला आणि दुसरा घर सोडून गेला नाही, म्हणून ती ओळख महत्त्वाची आहे.

सड्याकडचा

आज सकाळी जाऊन पाहिले. व्हाळावरच्या झाडाच्या पानांचे देठ साफ आहेत, पाने हातभर लांब, टोकाला गोलसर आणि खालून राखाडी-पांढरट आहेत. तो बिब्बाच आहे. परंतु तिथून वर, देवराईच्या पायऱ्यांशी, ज्या झाडाला आम्ही लहानपणापासून बिब्बाच समजत आलो आणि ज्याच्या खाली पावसात उभे राहू नये असे आजी बजावत असे, त्याची पाने फांदीच्या टोकाला दाटलेली आहेत आणि प्रत्येक देठावर ते दोन उंचवटे बोटाला जाणवतात. कोवळे पान तुटले तिथून आलेला चीक माझ्या सदऱ्याच्या बाहीवर पडला, तो दुपारपर्यंत काळा झाला आणि साबणाने निघालेला नाही. झाडाला आत्ता मोहर आहे. फळे धरली की हातमोजे घालून एक उभे चिरीन आणि त्याची बैठक बिब्ब्यासारखी खाली आहे की फळाला वेढून आहे, याचे छायाचित्र याच धाग्यावर देईन.